मेंढीला मेथिओनिन द्यायचंय? मग आधी हे करा, आणि याच क्रमाने

माण तालुक्यात एका तळावर गेलो होतो. मेंढपाळाने पाण्याच्या टबात पांढरी पावडर ओतली, काठीने ढवळली आणि मेंढरं पाण्यावर सोडली. पुडीवर कोंबडीचं चित्र. विचारलं तर म्हणाला, "डॉक्टर, मेथिओनिन हाय. लोकर धरती, कोकरू चांगलं निघतं." पुडी खरी होती आणि त्याचं म्हणणंही अर्धं खरं होतं. पण कोंबडीचं मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) मेंढीच्या कोटीपोटात (चार पोटांतल्या पहिल्या, मोठ्या पोटात) पडलं की तिथले सूक्ष्मजीव त्यातलं बहुतेक काही तासांत मोडून टाकतात. आतड्यापर्यंत फारच थोडं पोचतं. थोडक्यात, तो पैसे देऊन सूक्ष्मजीवांना अमोनिया पाजत होता.

ही चूक इतक्या ठिकाणी दिसते की पूर्ण क्रम एकदा सविस्तर लिहितो. यातली आकडेमोड पश्चिम महाराष्ट्रातल्या पर्जन्यछायेत चरणाऱ्या, २८-३० किलो वजनाच्या दख्खनी मेंढीसाठी आहे. माडग्याळ जातीची मेंढी थोराड असते, तिच्यासाठी वजनाच्या प्रमाणात वाढ धरा.

आधी एक हिशोब: गंधक जातं कुठे?

मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधक असलेली अमिनो आम्लं. लोकर बनते केराटिन या प्रथिनाची आणि त्यात सिस्टीन भरपूर असतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष लोकरीवर. मेथिओनिन लोकरीसाठी दिलं की फायदा होतो हे ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढ्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. पण तिथे ते थेट चौथ्या पोटात सोडलेलं होतं, आणि मेरिनो वर्षाला काही किलो लोकर देते.

आपली दख्खनी वर्षाला साधारण अर्धा किलो देते. धुऊन ४०० ग्रॅम उरली आणि त्यात ११ टक्के सिस्टीन धरलं, तर वर्षाचे ४४ ग्रॅम, म्हणजे दिवसाला सव्वाशे मिलिग्रॅमच्या आत. आता दुधाचं बघा. व्यायलेली मेंढी दिवसाला अर्धा लिटर दूध देत असेल तर त्यात सुमारे २७ ग्रॅम प्रथिनं जातात आणि त्यांतली गंधकाची अमिनो आम्लं भरतात जवळजवळ ९०० मिलिग्रॅम. लोकरीच्या सातपट.

म्हणून आपल्याकडे हा खर्च लोकरीसाठी करायचाच नाही. तो करायचा शेवटच्या दीड महिन्याच्या गाभण मेंढीसाठी, व्याल्यावरच्या दोन महिन्यांसाठी आणि वाढत्या कोकरांसाठी. मृगाच्या सुमारास भरलेली मेंढी पाच महिन्यांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात विते. तोवर गवत वाळायला लागलेलं असतं आणि वाडा (मेंढपाळांचं बिऱ्हाड आणि कळप) स्थलांतराच्या वाटेवर असतो. अडचण नेमकी तिथे आहे.

पायरी १: पेंड आणण्याआधीची तयारी

हाताशी ठेवायच्या वस्तू: काट्याचा तराजू, गेरू, एक वही, शंभर ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा (सोनाराकडे असतो तसा, स्वस्तात मिळतो) आणि पाण्यासाठी स्वच्छ बाटली.

कळपातल्या दहा-पंधरा मेंढ्या वाघरीत (जाळीच्या कुंपणात) धरून पाठ चाचपा. शेवटच्या बरगडीमागे कण्यावर हात ठेवला की हाडाची टोकं बोटांना करवतीसारखी लागत असतील, तर त्या मेंढीची पहिली भूक पोटभर चाऱ्याची आहे. गंधकाचा विचार तिच्यासाठी नंतर. चारा पोटभर नसताना दिलेलं महागडं प्रथिन शरीर सरपणासारखं जाळून ऊर्जा मिळवतं.

मग पाणी. ही तपासणी लोक टाळतात आणि नंतर पस्तावतात. ज्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मेंढ्या जास्त दिवस पिणार आहेत, त्यातलं सल्फेट प्रयोगशाळेत तपासून घ्या. लिटरला १००० मिलिग्रॅम सल्फेट असेल आणि मेंढी तीन लिटर पाणी पीत असेल, तर नुसत्या पाण्यातून तिला दिवसाला एक ग्रॅम गंधक मिळतं. तिची दिवसाची पूर्ण गरज दीड ते दोन ग्रॅमची. अशा पाण्यावर वरून गंधक द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी या लेखाचा अर्धा उपयोग झाला. खारपाणपट्ट्यातल्यांनी तर पाण्याचा कागद हातात आल्याशिवाय पुढे जाऊच नये.

तपासा: वहीत चार गोष्टी लिहिल्या का? गाभण किती, व्यायलेल्या किती, पाठ लागणाऱ्या किती, पाण्यातलं सल्फेट किती.

पायरी २: जंत

खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालभडक असेल तर ठीक. फिकट गुलाबी किंवा पांढुरकी असेल तर बहुतेक वेळा हिमोंकस हा रक्त शोषणारा जंत चौथ्या पोटात बसलेला असतो. रक्त जातं म्हणजे प्रथिनं जातात. शिवाय आतड्याची सूज भरून काढायला, चिकट स्राव बनवायला आणि रोगाशी झुंजायला शरीर हीच गंधकाची अमिनो आम्लं तिकडे वळवतं. अशा मेंढीला पेंड देणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

जंतनाशक वजनावर द्या, अंदाजाने नको. कळपातल्या मोठ्या मेंढीच्या वजनाप्रमाणे मात्रा धरा, हलक्यांसाठी वेगळी. आणि सगळ्या कळपाला दर महिन्याला पाजू नका, त्याने औषधच निकामी होतं. फिकट पापणीवाल्यांना द्या, दोन आठवड्यांनी परत पापणी बघा. सुधारणा नसेल तर लेंड्या तपासायला द्या.

गाभण मेंढीला कोणतं औषध चालतं हे पशुवैद्याला विचारूनच ठरवा.

पायरी ३: मेंढी दिवसभर काय खाते ते चालून बघा

एक दिवस कळपामागे चाला. मालक बांधावर उभा राहून जे सांगतो आणि मेंढी जे खाते, त्यात फरक असतो.

वाळलं गवत आणि ज्वारीचा कडबा यांत नत्रही कमी, गंधकही कमी. बाभूळ, बोर, शेवरी यांचा पालवा मिळत असेल तर चित्र बरंच सुधारतं. बाभळीच्या शेंगांचा आणखी एक गुण आहे. त्यांतलं टॅनिन प्रथिनांना चिकटतं आणि कोटीपोटात मोडण्यापासून काही अंशी वाचवतं. ते प्रथिन पुढे आतड्यात पोचतं. धनगर बाभळी झोडून शेंगा खाऊ घालतात तो शहाणपणा आहे, फक्त प्रमाण ठेवायचं. मूठ-दोन मुठी शेंगा पेंडीसोबत चांगल्या. दिवसभर त्याच खाल्ल्या तर टॅनिन जास्त होऊन चाऱ्याचं पचन बसतं.

तीन ठिकाणी सावध राहा.

ज्वारीचे फुटवे. कापणीनंतर पाऊस पडला की बुडख्यांना कोवळे फुटवे येतात आणि त्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. शरीर हे विष निकामी करतं ते गंधक खर्चून. थोडं थोडं विष रोज पोटात जात असेल तर मेंढीचा गंधकाचा साठा हळूहळू आटतो. पण जास्त गेलं तर मिनिटांत मेंढी लोळते. गंधक दिलंय म्हणून फुटव्यात सोडायला हरकत नाही, हा समज जीवघेणा आहे. फुटवे गुडघ्याच्या वर वाढेपर्यंत, आणि पाण्यावाचून कोमेजलेल्या ज्वारीत तर मुळीच, कळप घालू नका.

कांद्याची पात आणि कोबी-फ्लॉवरचा पाला. शेतात मेंढ्या बसवताना हा फुकटचा चारा मिळतो. यांतही गंधकाची संयुगं असतात, पण ती कामाची नाहीत. रक्तातल्या तांबड्या पेशी फोडणारी आहेत. एका जागी ढीग लावलेला कांदा मेंढ्यांनी दोन-तीन दिवस खाल्ला आणि लघवी तांबडी झाली, तर चारा लगेच बदला आणि डॉक्टरला बोलवा.

सुबाभूळ. पाला प्रथिनांनी भरलेला, पण त्यातल्या मिमोसिनमुळे लोकर मुळापासून सुटते. हाताने ओढली की पुंजके निघतात. लोक म्हणतात गंधक कमी पडलं. चाऱ्यातला सुबाभळीचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या खाली आणा, लोकर परत धरते.

पायरी ४: कोटीपोटाचं पोट भरा

मेंढीला मिळणारी बरीचशी गंधकाची अमिनो आम्लं तिच्याच कोटीपोटातले सूक्ष्मजीव तयार करतात. त्यांना लागतं नत्र, गंधक आणि पिठूळ ऊर्जा. दहा भाग नत्रामागे साधारण एक भाग गंधक हे प्रमाण धरतात. एकूण चाऱ्यात गंधक ०.१५ ते ०.२० टक्के असावं.

उदाहरण घेऊ. मेंढी दिवसाला एक किलो कोरडा चारा खाते. त्यात ८५० ग्रॅम वाळलं गवत-कडबा, १५० ग्रॅम खुराक. गवतात गंधक ०.०८ टक्के धरलं तर ०.७ ग्रॅम. खुराकातून ०.३५ ग्रॅम. एकूण एक ग्रॅमच्या थोडं वर. गरज दीड ग्रॅम. तूट साधारण ०.४५ ग्रॅम. निर्जल सोडियम सल्फेटमध्ये साडेबावीस टक्के गंधक असतं, म्हणजे मेंढीमागे २ ग्रॅम पुरतं.

शंभर मेंढ्यांसाठी एका दिवसाचा १५ किलो खुराक मी असा बांधून देतो:

सरकी पेंड ७ किलो
सूर्यफूल पेंड ३ किलो
मका किंवा ज्वारीचा भरडा ४.३ किलो
शेळी-मेंढीसाठीचं क्षार मिश्रण ३०० ग्रॅम
मीठ २०० ग्रॅम
सोडियम सल्फेट, पशुखाद्याच्या दर्जाचं, २०० ग्रॅम

दोन ग्रॅम ही वरची हद्द समजा. पालवा, शेंगा मिळत असतील तर एक ग्रॅम. पाणी खारं असेल तर शून्य. व्याल्यावर खुराक वाढवाल तेव्हा पेंड आणि भरडा वाढवा. सल्फेट मेंढीमागे तेवढंच राहील.

मिसळण्याची पद्धत महत्त्वाची. आधी सल्फेट, मीठ आणि क्षार एक किलो भरड्यात हाताने चोळून एकजीव करा. ते तीन किलोत, मग सगळ्यात. थेट पेंडीवर मूठ फेकली तर तळाला बारीक पावडर साचते आणि शेवटी गव्हाण चाटणारी मेंढी पाच मेंढ्यांचा वाटा खाते. पावडर खाली बसू नये म्हणून पाण्याचा हलका हबका मारा.

या पायरीवर होणाऱ्या चुका

द्राक्षावर भुरीसाठी मारतात ते गंधक चाटणात घालणे. तासगावकडच्या एका तळावर मी हे पाहिलंय. बागेत उरलेली पिशवी होती. ते फवारणीचं औषध आहे, खाद्य नाही. कोटीपोटात त्याचा हायड्रोजन सल्फाइड वायू बनतो, आणि मात्रा चुकली तर मेंढ्या मरतात.

खताचा युरिया घालणे. उपाशी, चरून दमलेल्या मेंढीने युरियाचा गोळा खाल्ला तर अर्ध्या तासात पोट फुगून ती आडवी होते. फिरत्या कळपात युरिया नकोच, हे माझं ठाम मत. पेंडीत नत्र आहे.

गाई-म्हशींचं क्षार मिश्रण घालणे. त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढी तांब्याला फार नाजूक. ते यकृतात साठत जातं आणि महिन्यांनी एकदम विषबाधा होते. मिश्रणात कोबाल्ट आहे का तेही पाहा. कोबाल्टपासून कोटीपोटात बी-१२ जीवनसत्त्व बनतं आणि शरीरात मेथिओनिन परत घडवायला तेच लागतं.

पायरी ५: पेंड निवडताना दोन प्रश्न विचारा

पहिला: तिच्या प्रथिनात मेथिओनिन किती? दुसरा: त्यातलं किती कोटीपोटातून न मोडता पुढे जातं?

शंभर ग्रॅम प्रथिनात तिळाच्या पेंडीत मेथिओनिन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, सूर्यफुलात सव्वादोन, सरकी आणि सोयाबीनमध्ये दीडच्या जवळपास, शेंगदाणा पेंडीत जेमतेम एक. तूर-हरभऱ्याची चुनीही याच खालच्या रांगेत. शेंगदाणा पेंड मेंढ्या आवडीने खातात, पण तिचं प्रथिन कोटीपोटात झटकन मोडतं. दोन्ही प्रश्नांत ती नापास. सरकी पेंड मेथिओनिनमध्ये मध्यम, पण तिचा बरा हिस्सा पुढे जातो आणि ती गावोगावी मिळते, म्हणून वरच्या मिश्रणात तीच मुख्य ठेवली आहे. मक्याचं ग्लुटेन मील दोन्ही प्रश्नांत चांगलं, फक्त स्टार्च कारखान्याच्या जवळ असाल तरच परवडतं.

बायपास प्रथिनाचं, म्हणजे कोटीपोटात न मोडता पुढे जाणाऱ्या प्रथिनाचं, तयार खाद्य मिळालं तर सरकीऐवजी वापरा. घरी फॉर्मेलिन शिंपडून बायपास पेंड करण्याच्या भानगडीत पडू नका. प्रमाण जास्त झालं तर प्रथिन आतड्यातही सुटत नाही, आणि फॉर्मेलिनची वाफ माणसालाही घातक.

पेंड घेताना हातात तोडून वास घ्या. कुबट वास, आत हिरवट-काळी झाक, गुठळ्या दिसल्या तर स्वस्तातली असली तरी सोडा. बुरशीचं विष निकामी करायला यकृताला लागतो ग्लुटाथायोन, आणि तो बनतो सिस्टीनपासूनच. आपण द्यायला निघालो तेच खर्च होतं.

मात्रा आणि वेळ

भाकड मेंढीला पोटभर चरायला असेल तर काही नको. व्यायच्या आधीचे सहा आठवडे १५० ग्रॅम. व्याल्यावर सहा ते आठ आठवडे २००-२५० ग्रॅम, जुळी असतील तर वरची मात्रा. सुरुवात ५० ग्रॅमने करून दहा दिवसांत पूर्ण मात्रेवर या.

गव्हाणीत मेंढीमागे वीतभर, खरं तर एक फूट जागा हवी. जागा कमी पडली की दांडग्या मेंढ्या दुप्पट खातात आणि ज्या लुकड्या मेंढीसाठी सगळा खटाटोप, ती मागे उभी राहते. तळावर गव्हाण कुठून आणायची, हा प्रश्न नेहमी येतो. जुनी ताडपत्री लांब अंथरून दोन्ही कडांखाली दगड ठेवा, पन्हाळं तयार. लुकड्यांचा आणि पहिलटकरांचा गट वाघरीने वेगळा करा आणि त्यांना आधी घाला.

रोज खुराक घालणं जमत नसेल तर मोठ्या मेंढ्यांना एक दिवसाआड दुप्पट पेंड चालते. भरडा मात्र दुप्पट करू नका, कोटीपोटात आम्ल वाढतं. कोकरांना रोजच.

पायरी ६: आता, वाटलंच तर, संरक्षित मेथिओनिन

वरच्या पाच पायऱ्या झाल्यावर फार थोड्या मेंढ्यांना याची गरज उरते: बंदिस्त पाळलेल्या, जुळी पाजणाऱ्या, भरपूर दूध असलेल्या. नारी सुवर्णासारखी जुळी देणारी मेंढी जिथे आहे, तिथे विचार करण्यासारखं आहे. फिरत्या कळपात सरसकट देण्यात मला अर्थ वाटत नाही.

घेताना पाकिटावर 'रुमेन प्रोटेक्टेड' किंवा 'बायपास' असं लिहिलेलं असावं आणि ते रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी असावं. आतड्यात दिवसाला एक ते दोन ग्रॅम मेथिओनिन पोचेल एवढीच मात्रा. पाकिटातल्या ग्रॅमवर जाऊ नका, त्यातलं किती आतड्यात पोचतं त्यावर हिशोब करा. दाणे दळू नका, गरम पाण्यात भिजवू नका. वरचं आवरण गेलं की ती कोंबडीचीच पुडी.

जास्त दिलं तर जास्त फायदा होत नाही. मेथिओनिनचा अतिरेक झाला की मेंढी खाणं कमी करते आणि लोकरीची वाढ उलट मंदावते.

पायरी ७: थांबायचं कधी, हे आधी ठरवून ठेवा

एखादी मेंढी कळपापासून बाजूला उभी, डोकं दगडाला टेकवलेलं किंवा आभाळाकडे मान, आंधळ्यासारखी चालते. तोंडाला सडक्या अंड्याचा वास. हे गंधक जास्त झाल्याने मेंदूवर झालेल्या परिणामाचं लक्षण असू शकतं. सल्फेट त्याच क्षणी बंद, पाणी बदला आणि डॉक्टरला बोलवा. बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर मेंढी वाचू शकते.

दुसरी खूण हळू येते, आणि दख्खनीत ती छान दिसते कारण मेंढी काळी. लोकर बोटांनी फाकवून मुळापाशी बघा. काळ्या लोकरीत कातडीजवळ करडा किंवा तपकिरी पट्टा उमटू लागला तर तांबं कमी पडतंय. गंधक वाढलं की तांबं शरीरात शोषलं जात नाही. अशा वेळी तांब्याचं इंजेक्शन शोधत फिरू नका. आधी गंधक कमी करा, पाणी परत तपासा.

कातरणीच्या वेळी लोकरीची एक बट दोन्ही हातांत धरून ताणून बघा. एकाच ठिकाणी तटकन तुटत असेल तर त्या जागेची लोकर उगवत होती तेव्हा मेंढी आजारी किंवा उपाशी होती. टोकापासून अंतर मोजलं की महिनाही काढता येतो.

पायरी ८: फरक पडला का?

खुराक सुरू करताना सारख्या वजनाच्या, एकाच आठवड्यात व्यायच्या वीस मेंढ्या निवडा. दहांना पूर्ण मिश्रण. दहांना तेवढंच, पण सूर्यफूल पेंड आणि सल्फेट काढून त्या जागी भरडा. त्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढा. कोकरं जन्मली की वजन, तिसाव्या दिवशी वजन, साठाव्या दिवशी वजन. काटा बाभळीच्या फांदीला टांगा, कोकरू पोत्याच्या झोळीत बसवा. गेरू पंधरवड्याला परत लावावा लागतो, पावसात तर आठवड्याला.

साठाव्या दिवशी दोन्ही गटांच्या कोकरांच्या वजनात फरक दिसत नसेल, तर सूर्यफूल पेंड बंद करा आणि ते पैसे पायरी १ मधल्या पाठ लागणाऱ्या मेंढ्यांच्या चाऱ्यावर घाला.